काळ्या दगडाचं बेट

मॉरिशसहून परतलेल्या बहुतेक मंडळींच्या फोटोंत निळं पाणी असतं, पांढरी वाळू असते, झापांच्या सावलीत मांडलेली आरामखुर्ची असते. बेट नसतं. चार-पाच दिवसांचा मुक्काम, त्यात एक दिवस बोटीतून ‘इल ओ सेर्फ’, एक दिवस बसमधून ‘दक्षिण दर्शन’, उरलेला वेळ हॉटेलच्या पुळणीवर. एवढे पैसे मोजून, एवढं उडत जाऊन समुद्र तेवढा पाहून लोक घरी येतात, याची मला मनापासून हळहळ वाटते. कारण हे बेट आपल्याच दगडाचं आहे. ज्यानं सह्याद्रीचा घाट उतरताना कातळाकडे एकदा तरी नीट पाहिलं आहे, त्याला मॉरिशस फार लवकर कळतं.

मी चिपळूणच्या शाळेत भूगोल शिकवला. दख्खनच्या पठाराचा धडा आला की मुलांना मी आधी खिडकीतून बाहेर बघायला सांगत असे, मग पुस्तक उघडायला. आपला काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून तो थरांवर थर ओतत आला. तो आला कुठून? पृथ्वीच्या पोटात काही ठिकाणी खोलवरून उष्ण द्रव्य सतत वर येत असतं. शिलाई मशिनची सुई जागच्या जागी खालीवर होते आणि कापड पुढे सरकत जातं, तशी ही उष्णतेची जागा स्थिर राहते आणि वरची भूपट्टं सरकत जातात. टाके मात्र कापडावर ओळीनं उमटतात. पहिला प्रचंड टाका म्हणजे दख्खनचं पठार. भारत उत्तरेकडे सरकला, मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी रांग उमटली. ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी मॉरिशस वर आलं. आज ती सुई शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे. तिथला ज्वालामुखी अजून दर काही महिन्यांनी, वर्षांनी लाव्हा ओततो.

एवढं मनात धरलं की बेट कुठून पाहायला सुरुवात करायची हे आपोआप ठरतं. समुद्रापासून नव्हे, मधल्या उंचवट्यापासून. क्यूरपिप गावात भर वस्तीत ‘ट्रू ओ सेर्फ’ नावाचं ज्वालामुखीचं विवर आहे. काठावरून गाडीरस्ता फिरतो, सकाळी गावातली माणसं तिथं चालायला येतात. आत झाडीनं भरलेला खोल वाडगा, तळाला पाणी. मुद्दाम जाऊन पाहावं असं त्या विवरात फार काही नाही, हे खरं. पण काठावर उभं राहून पाठ फिरवली की बेटाचा अर्धा नकाशा पायाशी पडतो: उत्तरेला मोका आणि पोर्ट लुईचे सुळके, पश्चिमेला रेम्पार आणि त्रुआ मामेलची शिखरं, मध्ये उसाचं हिरवं पठार. हे सुळके म्हणजे मूळच्या प्रचंड ज्वालामुखीच्या कडेचे उरलेले तुकडे. मुख्य बेटाचं क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या निम्मं. सर्वांत उंच शिखर ८२८ मीटर, कळसूबाईच्या निम्मं. तरीही डोंगर उंच भासतात, कारण ते सपाट शेतातून एकदम उभे राहतात. ‘पीटर बॉथ’ नावाच्या शिखराच्या टोकावर तर एक भलामोठा गोटा नुसता ठेवल्यासारखा बसलेला आहे.

इथून शामारेलला जावं. सात रंगांची माती म्हणून ही जागा प्रत्येक सहलीत असते. दहा मिनिटं कठड्यापाशी फोटो आणि बस पुढे. मी तिथून हलायलाच तयार नव्हते, आणि बरोबरची वहिनी वैतागली होती. जागा लहानच आहे. झाडीच्या मधोमध उघडी, वळ्या पडलेली माती. लाल, तपकिरी, जांभळी, निळसर, पिवळी. रत्नागिरीच्या माणसानं तिच्याकडे पाहावं आणि आपला जांभा आठवावा. काळ्या कातळावर हजारो वर्षं उष्ण हवेत मुबलक पाऊस पडत राहिला की त्यातले विरघळणारे क्षार वाहून जातात, मागे लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची संयुगं उरतात. लोखंडाचा तांबडा गंज आपल्या जांभ्यालाही रंग देतो. शामारेलला ही संयुगं निरनिराळ्या प्रमाणात वेगवेगळी साठली, म्हणून रंग फुटले. त्या मातीवर गवताचं पातं उगवत नाही, पोषक काही उरलेलंच नाही त्यात. सकाळच्या तिरप्या उन्हात जावं; दुपारी सगळे रंग फिकट दिसतात. वाटेतच शामारेलचा धबधबा आहे, शंभर मीटरच्या आसपास सरळ खाली पडणारा. पाणी ज्या उभ्या काळ्या भिंतीवरून पडतं तिच्यात लाव्ह्याचे थर एकावर एक स्पष्ट दिसतात. आंबा घाटात, वरंधा घाटात हेच दिसतं.

आता समुद्र. बेटाला जवळजवळ सगळीकडून प्रवाळाचा कठडा आहे. किनाऱ्यापासून काही अंतरावर एक पांढरी रेघ दिसते, तिथं महासागराची लाट फुटते. आतल्या बाजूला उथळ, शांत, फिक्या निळ्या रंगाचं खाजण. पाणी निळं दिसतं ते तळाच्या पांढऱ्या वाळूमुळे, आणि वाळू पांढरी ती प्रवाळांच्या आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची म्हणून. आपल्या हरिहरेश्वर-श्रीवर्धनची वाळू काळपट का, याचं उत्तरही इथंच मिळतं: तिच्यात कातळाचा चुरा जास्त. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, जिवंत प्राण्यांची वसाहत. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवालं राहतात, ती उन्हात अन्न तयार करतात आणि यजमानाला देतात. म्हणून प्रवाळाला उबदार, स्वच्छ, उथळ पाणी लागतं. पाणी थोडं जास्त तापलं तरी शैवालं निघून जातात आणि प्रवाळ पांढरं पडतं. मॉरिशसच्या खाजणांत हे वारंवार घडलं आहे. आग्नेय किनाऱ्यावर ब्लू बे इथं सागरी उद्यान आहे. तिथं तळाला काच असलेल्या बोटीतून प्रवाळं पाहता येतात, पोहता येणाऱ्यांना नळी लावून पाण्यातही उतरता येतं. उतरलात तर पाय टेकवू नका. बोटवाले सांगतात, पण हळू सांगतात. आपण मोठ्यानं ऐकावं. प्रवाळाची फांदी वर्षाला काही सेंटिमीटर वाढते, आणि टाच लागली की एका क्षणात मोडते.

दक्षिणेला सुयाकजवळ ‘ग्री ग्री’ नावाचा कडा आहे. तिथं प्रवाळाचा कठडा तुटतो. दक्षिण महासागरातून आलेली लाट वाटेत काहीच न भेटता थेट कातळावर आपटते. आवाज दुरून ऐकू येतो, तोंडावर खारट तुषार येतात, पोहायला अर्थातच मनाई आहे. ब्लू बेचं खाजण आणि ग्री ग्रीचा कडा एकाच दिवशी पाहावेत असं मी आग्रहानं सांगेन. प्रवाळाचा कठडा या बेटासाठी काय करतो हे त्याशिवाय समजत नाही.

हेलिकॉप्टरमधून दिसणारा ‘समुद्रातला धबधबा’ हल्ली फार मागितला जातो. नैर्ऋत्य टोकाला, ल मोर्न डोंगरासमोर, वरून पाहताना पाणीच खोल दरीत कोसळतंय असं दिसतं. प्रत्यक्षात उथळ कठड्यावरची वाळू प्रवाहाबरोबर वाहत जाऊन खोल उतारावर सांडते, आणि फिक्या-गडद रंगांमुळे डोळ्यांना भास होतो. दृश्य सुंदर आहे, भाडं जबर आहे. माझ्या मते ते पैसे वाचवून एक दिवस जास्त राहावं.

तो जास्तीचा दिवस माएबूर आणि त्याच्या समोरच्या ‘इल ओ एग्रेत’ या लहानशा बेटाला द्यावा. २६ हेक्टरचं हे बेट मॉरिशस वन्यजीव प्रतिष्ठानाकडे आहे आणि त्यांच्या मार्गदर्शकाबरोबरच पाहता येतं. डच खलाशी १५९८ साली या आग्नेय किनाऱ्यावर उतरले तेव्हा मॉरिशसवर माणूस राहत नव्हता. किनाऱ्यापर्यंत काळ्या लाकडाचं, एबनीचं रान होतं, महाकाय कासवं होती आणि डोडो होता. डचांनी एबनी तोडून नेली. जहाजांतून उंदीर, डुकरं, माकडं आली. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्याची अंडी त्यांनी फस्त केली. शंभर वर्षांच्या आत डोडो संपला. इल ओ एग्रेतवर त्या मूळ रानाचा एक तुकडा कसाबसा उरला होता. बाहेरची झाडं उपटून, उंदरांचा नायनाट करून, देशी रोपं लावून तो पुन्हा उभा केला आहे. एबनीच्या झाडाखालून अल्डाब्रा बेटावरून आणलेली कासवं सावकाश चालतात. मॉरिशसची स्वतःची कासवं नामशेष झाली, म्हणून त्यांच्या कामाला ही आणली. फळं खाऊन बिया पसरवायचं काम. वर फांदीवर गुलाबी कबुतर बसलेलं दिसतं. १९९०च्या सुमारास ही कबुतरं रानात दहाच्या आसपास उरली होती. आज शेकड्यांनी आहेत. मॉरिशसचे लहान ससाणे तर १९७४ साली रानात फक्त चार होते. त्यांना अंडी उबवण्यापासून हातानं वाढवत परत आणलं. डोडोची बाहुली दुकानातून विकत घेण्यापेक्षा ते कबुतर पाहावं.

२०२०च्या जुलैत ‘वाकाशिओ’ हे जहाज याच किनाऱ्याच्या प्रवाळावर चढलं आणि त्यातलं तेल खाजणात पसरलं. तेव्हा बेटावरच्या माणसांनी कुणाची वाट न पाहता उसाचं पाचट कापडी नळ्यांत भरून तरंगते बांध शिवले आणि पाण्यात सोडले. इल ओ एग्रेतवरचे दुर्मीळ पक्षी आणि रोपं घाईनं हलवली गेली. मार्गदर्शक मुलगी हे सांगताना शिवणकामात तिची आईही होती असं म्हणाली. मला ते बेटावरच्या कुठल्याही देखाव्याइतकं मोठं वाटलं.

डोडोचा सांगाडा पाहायचा तर पोर्ट लुईच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात जावं. हाडं शोधणारी माणसं मोठी मजेशीर, म्हणजे साधी. १८६५ साली माएबूरजवळच्या दलदलीत डोडोची हाडं सापडली ती जॉर्ज क्लार्क नावाच्या शाळामास्तरांना. पुढे एतिएन तिरिऊ या हौशी संशोधकाला एकाच पक्ष्याचा जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला. त्याचा धंदा केशकर्तनाचा. मास्तरांचं नाव वाचून मी त्या पेटीसमोर बराच वेळ उभी होते.

पाम्पलमूसची बाग सगळेच बघतात. पिएर प्वाव्र या फ्रेंच अधिकाऱ्यानं १७७०च्या सुमारास तिला आकार दिला. जायफळ आणि लवंगेवरची डचांची मक्तेदारी मोडायला त्यानं मोलुक्का बेटांतून चोरून रोपं आणवली होती, ती इथं वाढवली. आज नाव देशाचे पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम यांचं. महाकाय कमळपानांच्या तळ्यापाशी गर्दी असते. त्यांचं फूल पहिल्या रात्री पांढरं, दुसऱ्या रात्री गुलाबी होतं. गर्दी सोडून तालीपोत ताडांकडे चालत जावं. हे झाड तीस ते ऐंशी वर्षं नुसतं वाढतं, मग एकदाच शेंड्यावर फुलोऱ्याचा प्रचंड डोलारा काढतं, फळं धरतं आणि मरतं.

पोर्ट लुईच्या ब्लू पेनी संग्रहालयात १८४७ची टपाल तिकिटं आहेत. मूळ तिकिटांवर रंग उडू नये म्हणून तासातून थोडाच वेळ दिवा लागतो. तिकिटांचं वेड नसेल तर वगळलं तरी चालेल.

वगळू नये अशी जागा तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि मराठी सहलींच्या यादीत ती बहुधा शेवटी, ‘वेळ उरल्यास’ असते. आप्रवासी घाट. १८३५च्या १ फेब्रुवारीला मॉरिशसमध्ये गुलामगिरी संपली. उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती, आणि त्याच सुमारास ब्रिटिशांनी करारावर हिंदुस्थानातून मजूर आणण्याचा प्रयोग इथं सुरू केला. १८३४ ते १९२० या काळात जवळजवळ पाच लाख माणसं या बंदरात उतरली. काहींना इथूनच पुढच्या वसाहतींत पाठवलं गेलं. १८४९ साली बांधलेल्या डेपोच्या काही खोल्या, न्हाणीघर, आणि दगडी पायऱ्या उरल्या आहेत. पायऱ्या सोळा. दगड अर्थात काळा कातळ. २००६ साली युनेस्कोनं या जागेला जागतिक वारसा म्हटलं. उतरलेल्या प्रत्येक माणसाला एक क्रमांक मिळे आणि वहीत नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, गाव लिहिलं जाई. हे पाहिल्यानंतर बेटभर गाडीतून फिरताना उसाच्या शेतांत मधूनमधून दिसणारे काळ्या धोंड्यांचे ढीग वेगळे दिसू लागतात. लाव्ह्याच्या जमिनीत नांगर चालण्यासाठी आधी हे धोंडे उचलावे लागले, आणि ते हातांनी उचलले गेले. इथल्या घराघरांत सांगतात की भरती करणाऱ्या दलालांनी लोकांना सांगितलं होतं, तिथं दगड उलटला की खाली सोनं असतं. कामाचा तोच दगड आजही शेतात रचून ठेवलेला आहे.

घाटाच्या जोडीनं ल मोर्न पाहिलं पाहिजे, तरच हिशोब पूर्ण होतो. ५५६ मीटर उंचीचा हा उभा कातळ पळून आलेल्या गुलामांचा आसरा होता. आफ्रिकेतून, मादागास्करमधून आणलेली ती माणसं. स्वातंत्र्याची बातमी द्यायला शिपाई वर आले, ते पकडायला आलेत असं वाटून लोकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी कथा तिथं सांगितली जाते. २००८ साली हाही जागतिक वारसा झाला. हॉटेलात रात्रीच्या जेवणाबरोबर रंगीत घागरे फिरवून जो सेगा नाच दाखवतात, तो याच माणसांचा. शेकून तापवलेल्या बकऱ्याच्या कातड्याच्या ‘राव्हान’ या चर्मवाद्यावर तो चालतो. किनाऱ्यावरच्या गावात शनिवारी-रविवारी घरची माणसं जमून म्हणतात तो सेगा ऐकायला मिळाला तर जेवण सोडून थांबावं.

गंगा तलाव हे विवरात साठलेलं तळं. काठी १०८ फुटी शंकराची मूर्ती आहे, गाड्या तिथंच थांबतात. मला तळ्याचा काठ आवडला: धुकं, थंडी, पाण्यात मासे, एखादं कुटुंब मुकाट्यानं नारळ फोडतंय. महाशिवरात्रीला बेटभरातून लाखो माणसं खांद्यावर कावड घेऊन पायी येतात. तेव्हा गेलात तर चालणाऱ्यांना वाटेत फुकट सरबत आणि जेवण देणारी घरं दिसतील.

खाण्याचं थोडक्यात: पोर्ट लुईच्या बाजारात ‘धोल पुरी’ खावी. शिजवलेली डाळ भरलेल्या मऊ पोळ्या, दोन एकावर एक, मध्ये पावट्याची भाजी, टोमॅटोची ‘रुगाय’ आणि मिरची. शाकाहारी माणसाचं पोट भरतं, पैसे थोडे लागतात. डाळीची भजी ‘गातो पिमां’ नावानं मिळतात, आणि वर सब्जा घातलेलं थंड दूध, ‘आलूदा’.

जायला मे ते ऑक्टोबर चांगलं. तिथं तेव्हा थंडी असते, पण सौम्य. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे महिने. पुळण हवी असेल तर पश्चिमेची निवडावी. पूर्वेला हिवाळ्यात वारा फार. साध्या बसगाड्या बेटभर फिरतात आणि त्यांतून गावं दिसतात.

सवड काढून गणेश चतुर्थीला गेलात तर पश्चिमेच्या कास्काव्हेलसारख्या मराठी वस्तीच्या गावात थांबा. त्या दिवशी मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. गेल्या शतकाआधीच मुंबई बंदरातून निघालेल्या, मुख्यतः कोकणातल्या माणसांची ही वस्ती. घरात क्रिओल बोलतात, मराठी शाळेत शिकतात, आणि गणपतीसमोर ‘झाकरी’ म्हणतात. पायातला ठेका ऐकला की आपल्याकडची जाखडी ओळखू येते. तिथल्या एका आजोबांना मी विचारलं, “आजोबा, मूळ गाव कोणतं तुमचं?” ते म्हणाले, “रत्नागिरी जिल्हा. पुढचं मोकाला कागदात आहे. तुम्ही बघून सांगा ते गाव आता कसं आहे.”

मोका इथं महात्मा गांधी संस्थेत त्या सगळ्या वह्या जपून ठेवल्या आहेत; १८६०च्या दशकानंतरच्या पुष्कळ मजुरांचे फोटोही आहेत. कोकणातल्या ज्या घरांत ‘एक चुलते बोटीनं गेले ते आलेच नाहीत’ एवढीच आठवण उरली आहे, त्यांनी निघण्याआधी घरातल्या म्हाताऱ्यांकडून नाव, बापाचं नाव, गाव आणि त्या वेळचा तालुका लिहून घ्यावा. आडनावावर भिस्त ठेवू नये, त्या काळी ते क्वचितच लिहीत. संस्थेला आधी पत्र पाठवून वेळ ठरवावी, आणि त्या दिवशी दुसरं काही पाहायचं ठेवू नये.